सात ओळींची वही

आमच्या ऑफिसात ‘बाई’ म्हटलं की एकच बाई. बाकीच्या सगळ्या मॅडम. बाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या टंकलेखिका. नोकरी बत्तीस वर्षांची. उंची पाच फुटांच्या आत, म्हणून खुर्चीवर जुन्या रजिस्टरांचे दोन पुठ्ठे ठेवून त्यावर बसायच्या.

मी रेकॉर्ड रूमचा हमाल. कागदावर शिपाई, पण अठ्ठावीस वर्षांत मी चिठ्ठ्या कमी आणि ओझी जास्त वाहिली. रेकॉर्ड रूम तळमजल्याला, बाईंचं टेबल वर. मधे बावीस पायऱ्या. एका खेपेला आठ रजिस्टरं, चाळीस किलोच्या आसपास. नऊ उचलता येतात, पण मग उतरताना गुडघा थरथरतो. म्हणून आठ.

ही रजिस्टरं जन्माच्या नोंदींची. गावात जन्मलेलं प्रत्येक मूल त्यात होतं. तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, पत्ता. एक मूल, एक ओळ. सगळं शाईने हाताने लिहिलेलं, काही पानं वाळक्या पानासारखी झालेली. एकूण चारशे दोन रजिस्टरं संगणकात टाइप करायची होती. एका रजिस्टरची एक फाइल. ते काम बाईंकडे आलं. पावणेतीन वर्षांत त्यांनी तीनशे अठरा संपवली. एकटीने.

सोपं होतं असं समजू नका. एकदा एका नोंदीतलं आईचं नाव वाचता येईना. शाई उडालेली. बाईंनी ते रजिस्टर तीन वेळा माझ्याकडून वर मागवलं. सकाळच्या उजेडात, दुपारच्या, मग पुन्हा सकाळच्या. तिसऱ्या वेळी मी बोललोच.

“बाई, एका नावासाठी सहासष्ट पायऱ्या झाल्या.”

“मामा, हे पोर आता पन्नाशीला आलं असेल. त्याला दाखला लागेल तेव्हा आपण दोघं इथे असणार आहोत का सांगायला?”

मी त्यांच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, तरी त्या मला मामा म्हणायच्या. ऑफिसात सगळेच म्हणायचे. चौथ्यांदा आणायला सांगितलं असतं तर आणलं असतं.

बाईंचं घर ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर. दोन खोल्या, तिसरा मजला. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर, हातावर ग्रीसचे डाग कायमचे. सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून खिडकीशी पलंगावर. मुलगी परगावी नर्सिंग शिकत होती. पहाटे पाचला उठून, सासूबाईंचं सगळं आवरून, दोघांचे डबे भरून बाई दहाला पाच कमी असताना टेबलावर असत. हे मी बत्तीस वर्षांपैकी अठ्ठावीस वर्षं पाहिलं. दहा वाजून एक मिनिट झालेलं पाहिलं नाही.

बाईंच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हाची ही गोष्ट.

सगळ्या फाइली एका मोठ्या यंत्रात भरायच्या म्हणून कंत्राटावर एक संगणकवाला आला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, सतत घाईत. सोमवारी त्याने बाईंच्या फाइली मोजायला घेतल्या. त्याच्याकडे एक काळा पडदा होता, चित्र नाही, बटण नाही. त्यावर तो दोन अक्षरं टाइप करायचा, डब्ल्यू आणि सी, पुढे फाइलचं नाव. लगेच आकडे यायचे. आधी किती ओळी, मग किती शब्द, मग आणखी एक आकडा. तिसरा कशाचा ते मला विचारू नका.

जावक टेबलावरचा कारकून वर डोकावायला आला होता. त्याने ती अक्षरं वाचली.

“काय हो, मोजायला संडासात जावं लागतं काय?”

“वर्डकाउंट, वर्डकाउंट,” संगणकवाला म्हणाला. “हसू नका. तुमच्या सगळ्या ऑफिसला महिना लागेल ते हे एका सेकंदात करतं.”

सगळे हसले. बाईही हसल्या. ते त्या आठवड्यातलं शेवटचं हसू.

प्रत्येक रजिस्टरच्या शेवटच्या पानावर जुन्या कारकुनाने एकूण नोंदींचा आकडा लिहून खाली सही केलेली असे. त्या आकड्यांची यादी मी आधीच उतरवून दिली होती. संगणकवाल्याने फाइलींच्या ओळी तिच्याशी ताडून पाहिल्या. पहिल्या रजिस्टरात नोंदी एक हजार एकशे शेहेचाळीस. फाइलमध्ये ओळी एक हजार एकशे पंचेचाळीस. दुसऱ्यात एक कमी. तिसऱ्यात एक कमी. दुपारपर्यंत तीनशे अठराही झाल्या. प्रत्येकीत एक कमी.

अधीक्षकांनी बाईंना आत बोलावलं. मी रजिस्टरांची थप्पी घेऊन तिथेच उभा होतो. ठेवा किंवा जा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून उभा राहिलो.

“तीनशे अठरा माणसं गायब आहेत, बाई,” अधीक्षक म्हणाले. “दर रजिस्टरला एक. एखादी सुटली तर मी म्हटलं असतं नजरचूक. ही सवय झाली.”

“साहेब, मी ओळ सोडत नाही.”

“मग यंत्र खोटं बोलतंय?”

यंत्र खोटं बोलतं असं कोण म्हणेल?

“कुठली ओळ गेली ते दाखवा,” बाई म्हणाल्या.

“तेच तर कळत नाही ना! हजारातली एक कुठली ते शोधायचं कोणी? अनुक्रमांक असते तर समजलं असतं.”

अनुक्रमांक टाइप करू नका, ते नंतर यंत्र देईल, असा हुकूम अधीक्षकांनीच काढला होता. बाईंनी त्याची आठवण करून दिली नाही. मला द्यावीशी वाटली. माझ्या हातात चाळीस किलो होते.

अधीक्षकांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, की माझ्याकडून कामात हलगर्जीपणा होऊन प्रत्येक रजिस्टरातली एक नोंद गळाली, हे मला मान्य आहे. खाली सहीची जागा.

“सही करा, चौकशी लागणार नाही. आठ महिने दुसऱ्या टेबलावर आरामात बसा. नाही केलीत तर ‘सहीस नकार’ असा शेरा मारून हाच कागद वर जाईल, चौकशी बसेल आणि सेवापुस्तकात लाल शाई येईल. गुरुवारी दुपारी बारापर्यंत विचार करा.”

“आणि फाइली?”

“फाइलींचं काय? भरवसाच उरला नाही त्यांचा. पुसून टाकू. बाहेरच्या एजन्सीकडून सगळं पुन्हा टाइप करून घेऊ.”

तोवर बाई नीट उभ्या होत्या. हे ऐकलं आणि त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. पावणेतीन वर्षं. मी माझ्याकडून हिशेब केला, किती खेपा, किती पायऱ्या. मग सोडून दिला. माझ्या पायऱ्या कोणी पुसू शकत नव्हतं. त्यांच्या ओळी पुसता येत होत्या, एका सेकंदात.

मंगळवारी बाईंनी पहिलं रजिस्टर काढायला सांगितलं. त्या पडद्यावरची ओळ वाचायच्या, मी रजिस्टरवर बोट ठेवून ‘आहे’ म्हणायचो. दर पन्नासला मी कागदावर एक रेघ मारायचो. डबा खायला दहा मिनिटं, नाहीतर थांबलो नाही. साडेचारला शेवटची नोंद आली. बावीस रेघा आणि वर शेहेचाळीस. एक हजार एकशे शेहेचाळीस. एकही ओळ गळालेली नव्हती. अधलीमधलीही नाही, शेवटचीही नाही.

आम्ही अधीक्षकांकडे गेलो. त्यांनी माझा रेघांचा कागद दोन बोटांनी धरला.

“मामा, तुम्ही शाळेत किती शिकलात?”

“सातवी, साहेब.”

“यंत्र म्हणतंय पंचेचाळीस. सातवी म्हणतेय शेहेचाळीस. मी वर काय लिहू?”

कानशिलं तापली माझी. बाहेर आलो तर बाई म्हणाल्या, “मामा, मनाला लावून घेऊ नका. तुमची मोजणी बरोबर आहे.”

“मग यंत्राची?”

“तीही बरोबर असणार. तेच तर कळत नाहीये.”

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. कारण त्या दिवशी बाई डबा न उघडताच घरी गेल्या होत्या आणि तो टेबलावर राहिला होता. दार नवऱ्याने उघडलं. डबा हातात घेऊन त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं.

“बघा, मामा. जेवण नाही, झोप नाही. मी म्हणतो, कर ना सही. आठ महिन्यांचा प्रश्न आहे. कोण विचारतंय नंतर?”

“मी विचारीन,” बाई आतून म्हणाल्या.

“अगं, पण माणूस आहे, चुकतं. माझ्याकडून नट ढिला राहतो कधी कधी.”

“बस सुटायच्या आत घट्ट करता ना? का सही करता की ढिलाच राहू द्या?”

नवरा माझ्याकडे पाहून हात उडवत म्हणाला, “ऐकलंत? बत्तीस वर्षं हे असं.”

पलंगावरून सासूबाई बोलल्या. म्हातारीला कमी ऐकू यायचं, पण हवं ते बरोबर ऐकू यायचं. “ती चोर आहे का रे? मग सही कशाला करील? गप बैस तू.”

“आई, चोरीचं नाही, हलगर्जीपणाचं चाललंय.”

“हिच्या हातून? माझी गोळी पाच मिनिटं उशिरा देत नाही ती. जा, चहा टाक मामांना.”

नवरा चहा टाकायला गेला. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“मामा, तुम्ही विटा वाहिल्यात ना आधी? नोकरीच्या आधी?”

“चार वर्षं.”

“खेपेत विटा पडायच्या?”

“पडायच्या की. दमलो की जास्त. लांबच्या खेपेला जास्त, जवळच्या खेपेला एखादी नाहीतर नाहीच.”

“प्रत्येक खेपेला बरोब्बर एक?”

मी कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे पाहिलं. “तसं कसं होईल? शंभर विटांच्या खेपेला एक आणि दहाच्या खेपेलाही एकच? थकवा असा मोजून मापून येत नाही, बाई.”

“हो ना.” त्या पुढे सरकल्या. “चौदाशे नोंदींचं रजिस्टर आहे, त्यात एक कमी. तीनशेचं आहे, त्यातही एक कमी. मी हलगर्जी असते तर मोठ्यात चार गेल्या असत्या आणि लहानात एकही नाही. हे माझं दमणं नाही. हे दुसरंच काहीतरी आहे. सगळ्यात लहान रजिस्टर कुठलं?”

मला विचार करावा लागला नाही. मी ते उचललेलं होतं. उचलताना हाताला फसवल्यासारखं वाटलं होतं. “पुरवणी वही. जुनी इमारत गळायला लागली तेव्हा डिसेंबरातले शेवटचे दिवस वेगळ्या वहीत लिहिले होते. सात नोंदी आहेत.”

“सात,” बाई म्हणाल्या. “सात तर बोटांवर येतात.”

गुरुवारी साडेदहाला मी ती वही घेऊन वर गेलो. एका हातात. तेवढं हलकं ओझं त्या जिन्यावरून मी कधी नेलं नव्हतं. बाई संगणकवाल्याच्या टेबलाशी उभ्या होत्या. त्याला वेळ नव्हता.

“बाई, मला शनिवारी निघायचंय. तुमच्या फाइली जोडून ठेवल्या होत्या त्याही आता काढून टाकायच्या आहेत.”

“फक्त पाच मिनिटं. ही एवढी फाइल मोजून दाखवा.”

“मोजलीये सगळी.”

“माझ्यासमोर नाही मोजली.”

त्याने सुस्कारा टाकला आणि फाइल उघडली. पडद्यावर ओळी आल्या. बाईंनी बोट न लावता मोजल्या, मोठ्याने. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मी वहीवर मोजल्या. सात.

“आता तुमचं यंत्र.”

त्याने काळा पडदा काढला. दोन अक्षरं, फाइलचं नाव. आकडा आला. सहा.

संगणकवाला पुढे वाकला. पुन्हा केलं. सहा. त्याची घाई गेली. खुर्ची ओढून तो नीट बसला.

“असं कसं?” तो स्वतःशीच म्हणाला.

“हा दुसरा आकडा शब्दांचा ना?” बाईंनी विचारलं.

“हो. एकाहत्तर.”

“थांबा.” बाईंनी पेन्सिल घेतली आणि वहीतला एकेक शब्द मोजत गेल्या. कागदावर प्रत्येक नोंदीचा आकडा. दहा, नऊ, अकरा, दहा, दहा, बारा, नऊ. बेरीज मी केली, सातवीची. एकाहत्तर.

“ओळ गळाली असती तर तिचे शब्दही गळाले असते,” बाई म्हणाल्या. “शब्द सगळे आहेत. मग ओळ गेली कुठे?”

तेवढ्यात अधीक्षक आले. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“काय चाललंय? बाई, तुमचं उत्तर?”

“बारापर्यंत मुदत आहे, साहेब.” बाईंचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. “भाऊ, एक कोरी फाइल काढा. मी टाइप करते.”

त्याने जागा दिली. बाई त्याच्या खुर्चीत बसल्या, पुठ्ठे नव्हते तर कडेवर टेकल्या. चार शब्द टाइप केले. ‘ही एक ओळ आहे’. फाइल ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

“मोजा.”

त्याने मोजलं. पडद्यावर आधी शून्य आलं. त्यापुढे चार.

अधीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच.

“चार शब्द आहेत,” बाई म्हणाल्या, “आणि ओळ एकही नाही. साहेब, दिसतेय का तुम्हाला ओळ?”

“दिसतेय,” अधीक्षक म्हणाले.

“यंत्राला दिसत नाही.”

संगणकवाल्याने कपाळावर हात मारला. चांगला जोरात. “एंटर! बाई, ओळ संपल्यावर एंटर दाबलंत का?”

“शेवटच्या ओळीनंतर? नाही. कशाला दाबू? पुढे ओळ आहे का?”

“ते ओळी मोजतच नाही हो. एंटर मोजतं. जितक्या वेळा एंटर, तितक्या ओळी. दाबा, दाबा एकदा.”

बाईंनी करंगळीने एंटर दाबलं. त्याने मोजलं. एक, आणि पुढे चार.

मग बाईंनी सांगितलं, आणि ते त्या अधीक्षकांकडे बघून बोलत नव्हत्या, स्वतःच्या हातांकडे बघून बोलत होत्या. टायपिंगच्या क्लासात मास्तर मागे पट्टी घेऊन उभे असत. शेवटच्या ओळीनंतर कुणी टाइपरायटरचा रूळ पुढच्या ओळीला फिरवला की पट्टी पडायची. काम संपलं की हात थांबला पाहिजे, फुकटचा एक फेरा नको. परीक्षेत त्याचे मार्क जायचे. “अठराव्या वर्षी शिकले. हात आपोआप थांबतो. तीनशे अठरा वेळा थांबला.”

मला ते पटलं. फुकटची पायरी मीही चढत नाही.

“म्हणजे ओळी सगळ्या आहेत,” अधीक्षक म्हणाले.

“सगळ्या,” संगणकवाला म्हणाला. मग जरा चाचरला. “फक्त एक आहे. मी फाइली एकापुढे एक जोडल्या तेव्हा पाहिलं त्या त्या जोडावर दोन मुलं एकाच ओळीत आली होती. पहिल्या वहीचं शेवटचं आणि पुढच्या वहीचं पहिलं. मला वाटलं बाईंनीच तसं टाइप केलंय. मी सांगितलं नाही, म्हटलं आधीच चाललंय तेवढं पुरे.”

बाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे त्यातला कोणी दाखला काढायला आला असता तर तो सापडला नसता?”

“नसता सापडला. पण आता कळलंय ना. एक कमांड देतो, अर्ध्या मिनिटात सगळ्या फाइलींच्या शेवटी एंटर लागेल.”

अधीक्षकांनी घसा खाकरला. “चला, ठीक झालं. मिटलं. लागा कामाला.” आणि ते वळले.

“साहेब, माझा तो कागद?” बाईंनी विचारलं.

“कुठला?”

“हलगर्जीपणाचा.”

अधीक्षक दारात थांबले. त्यांच्या मानेवर मला लाली चढलेली दिसली. “तो… तो मी सकाळी जावकला दिला. शेरा मारून. बाराला टपालाची पिशवी जाते, उशीर नको म्हणून.”

“मुदत बाराची होती.”

“हो, पण तुम्ही सही करणार नाही हे दिसतच होतं.”

घड्याळात बाराला बावीस मिनिटं होती. जावकचं टेबल खाली, दरवाजाशी. एकदा पिशवी गाडीत गेली की तो कागद वरच्या कचेरीत, आणि तिथून कागद परत आणणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चौकशी लागली असती. मग खुलासे, तारखा, आठ महिने त्यातच.

“मामा,” अधीक्षक म्हणाले, “पळत जा. घेऊन या तो लिफाफा.”

अठ्ठावीस वर्षांत मी खेपेला नाही म्हटलेलं नव्हतं. ताप असताना नाही, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नाही. पाय आपोआप उचलला गेला. मग मी तो खाली ठेवला.

“साहेब, ही खेप माझी नाही.”

“काय म्हणालात?”

“कागद तुम्ही नेलात. मी गेलो तर जावकवाला देणार नाही, नोंद झालेला लिफाफा तो हमालाच्या हातात कसा देईल? तुम्हालाच सही करून घ्यावा लागेल.”

हे खरंच होतं. पण खरं नसतं तरी मी गेलो नसतो. अधीक्षकांनी संगणकवाल्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत बसला. बाई घड्याळाकडे पाहत होत्या. वीस मिनिटं. एकोणीस.

अधीक्षक गेले. जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज आधी हळू होता, मग भरभर झाला. बाई दाराशी येऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मीही उभा राहिलो. खालून जावकवाल्याचा आवाज आला, “साहेब, नंबर पडला याला, असा कसा काढू?” मग अधीक्षकांचं पुटपुटणं. मग बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज. दरवाजापाशी गाडीचं इंजिन सुरू झालं. इंजिनचा आवाज लांब गेला.

बारा वाजून दोन मिनिटांनी अधीक्षक वर आले, धापा टाकत. हातात लिफाफा होता. मागोमाग जावकवाला, काखेत त्याचं रजिस्टर.

“घ्या,” अधीक्षक म्हणाले.

बाईंनी लिफाफा उघडला. कागद काढला आणि उभ्याउभ्या सगळा वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांनी तो फाडला नाही.

जावकवाला म्हणाला, “साहेब, नंबर रद्द करायचा तर कारण लागेल. काय लिहू?”

“लिही, चुकून पाठवला.”

“तसं नको,” बाई म्हणाल्या. “चुकून नव्हता पाठवला.”

अधीक्षक त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग तुम्हीच सांगा, बाई. मी लिहितो.”

त्यांनी जावकवाल्याच्या हातातून पेन घेतलं. बाई सांगत गेल्या, सावकाश, टाइप करायला मजकूर द्यावा तशा. “नोंदी पूर्ण आहेत. मोजणी यंत्राची पद्धत न समजल्याने कमी धरली गेली. प्रत्येक फाइलच्या अखेरीस एंटर दिलेला नाही, ही टंकलेखिकेची चूक. ती दुरुस्त करण्यात येत आहे.”

“शेवटचं कशाला?” अधीक्षक म्हणाले. “त्याची गरज नाही.”

“आहे. दोन मुलं एका ओळीत आली होती. लिहा.”

त्यांनी लिहिलं आणि सही केली. माफी मागितली नाही. बाईंनी वाटही पाहिली नाही.

संगणकवाला कमांड द्यायला तयार बसला होता. बाईंनी त्याला थांबवलं.

“भाऊ, अर्धं मिनिट तुमचं, मला कळतंय. पण शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं गेलंय. मी प्रत्येक शेवटची ओळ रजिस्टरशी पडताळून स्वतः एंटर देणार. उद्या संध्याकाळपर्यंत देते. मग तुम्ही मोजा.”

“तीनशे अठरा?”

“तीनशे अठरा.” त्या माझ्याकडे वळल्या. “मामा, तुम्हाला त्रास आहे.”

मी म्हटलं, “आधी डबा खा, मग सांगा.”

त्यांनी खाल्ला, पंधरा मिनिटांत, टेबलापासून लांब खिडकीशी बसून. पाणी प्यायल्या, हात कोरडे केले आणि पुठ्ठ्यांवर येऊन बसल्या. मी खाली उतरलो. गुरुवारी सोळा खेपा झाल्या, शुक्रवारी चोवीस. प्रत्येक रजिस्टराचं शेवटचं पान उघडून मी समोर धरायचो, त्या वाचायच्या, करंगळी एकदा खाली जायची, आणि रजिस्टर मिटायचं. शुक्रवारी पाचला संगणकवाल्याने मोजलं. जुन्या कारकुनांच्या आकड्यांशी एकही फरक आला नाही. तो काही बोलणार होता, पण बाई पुढच्या रजिस्टरासाठी चष्मा पुसत होत्या. चौऱ्याऐंशी अजून बाकी होती.

चाळीस खेपा झाल्या एकूण. शेवटच्या खेपेला सहाच रजिस्टरं होती.